बुलॉइडिस कोणत्या ऋतूची? अरबी समुद्राच्या गाळातून हिवाळी मान्सून वाचण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संशोधन गटाचं हे प्रकरण. संस्था, माणसं, जहाजाची फेरी, कोअरचा क्रमांक हे सगळं मुद्दाम गाळलं आहे. गटाच्या बैठकांना मी आकडेवारी तपासायला बसत असे, त्यामुळे कोणता निर्णय कशाच्या जोरावर झाला ते जवळून बघायला मिळालं.

कोअर म्हणजे समुद्रतळात नळी रुतवून वर काढलेला गाळाचा दंडगोल. हा कोअर सौराष्ट्राच्या नैऋत्येला, खंडीय उतारावर, म्हणजे किनाऱ्याजवळचा उथळ तळ संपून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या भागावर, काढलेला होता. वरचं टोक आजचं आणि खालचं शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातलं, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचं, अशी अपेक्षा होती. नळी उभी चिरली की दोन अर्धे होतात. एक कामाला घ्यायचा, दुसरा राखून ठेवायचा. कामाचा अर्धा उघडला तेव्हा शेवाळी रंगाचा चिकट गाळ दिसला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला पट्टा आहे. त्यात बसलेल्या गाळाची ही ओळखीची खूण. प्राणवायू नाही म्हणून तळातले किडे गाळ उकरत नाहीत आणि थर बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात.

प्रश्न होता हिवाळी मान्सूनचा. या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की पुढचं सगळं बिघडतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत पडणारा पाऊस ही एक. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर अरबी समुद्रावरून वाहणारे थंड, कोरडे ईशान्य वारे ही दुसरी. पश्चिमी विक्षोभांमुळे पंजाब-सिंधकडे पडणारा, गव्हाला उपयोगी पडणारा हिवाळी पाऊस ही तिसरी. सौराष्ट्राच्या उतारावरचा गाळ यांतल्या दुसऱ्या गोष्टीचा साक्षीदार आहे. पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल तो फार तर ऐकीव माहिती देऊ शकतो.

त्या दुसऱ्या गोष्टीचं काम असं चालतं. हिवाळ्यात जमिनीकडून आलेली कोरडी हवा समुद्रावरून वाहते आणि पृष्ठभागाच्या पाण्याची वाफ करते. पाणी थंड होतं आणि बाष्पीभवनामुळे खारटही होतं. थंड, खारट पाणी जड, म्हणून ते बुडतं आणि वरचा थर खोलवर घुसळला जातो. उत्तरेकडे ही घुसळण १०० मीटरच्या आसपास पोचते. खालची पोषकद्रव्यं वर येतात, वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात. उत्तर-पूर्व अरबी समुद्रातल्या या हिवाळी बहराची यंत्रणा मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या या कामानंतर अरबी समुद्राची सुपीकता म्हणजे फक्त पावसाळ्याची करामत, हा समज मागे पडला. निदान पडायला हवा होता.

गटाची मूळ योजना साधी होती. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाच्या प्लवकी फोरामिनिफेराची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, चुन्याचं कवच असलेल्या एकपेशीय जिवाची, कवचं थराथरात मोजायची. ही जात खरी थंड पाण्यातली. उष्ण कटिबंधात ती जिथे खालचं थंड, पोषक पाणी वर येतं तिथे माजते. ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर नैऋत्य वारे पावसाळ्यात नेमकं हेच घडवतात, म्हणून १९८० च्या दशकापासून तिकडच्या कोअरमधली बुलॉइडिसची टक्केवारी उन्हाळी, म्हणजे पावसाळ्यातल्या नैऋत्य, मान्सूनच्या जोराचं माप मानली जाते. गटाने हे माप जसंच्या तसं पूर्वेकडे आणलं. बुलॉइडिसवरून उन्हाळा काढायचा, तापमानावरून हिवाळा काढायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे, असा बेत.

अडचण

हे काम करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने पहिली मोजणी पूर्ण केली आणि आलेख उलटा आला. हिमयुगाच्या थरांत बुलॉइडिसचा वाटा होलोसीनपेक्षा, म्हणजे गेल्या ११,७०० वर्षांपेक्षा, स्पष्टपणे जास्त. ओमानच्या बाजूला हिमयुगात ही जात कमी होते, कारण तेव्हा उन्हाळी मान्सून दुबळा होता. याला गुहांमधल्या चुनखडीपासून सरोवरांच्या गाळापर्यंत दुजोरा आहे. मग एकाच समुद्राच्या एका काठावर पावसाळा मंद आणि दुसऱ्या काठावर जोमात, असं कसं?

बैठकीत सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, आलेखाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, ही वाढ कुठल्या महिन्यातली आहे?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्या खोलीत कोणाकडेच नव्हतं. कवचावर महिना लिहिलेला नसतो, आणि एक सेंटिमीटरच्या थरात काही दशकांचे सगळे ऋतू एकत्र दाबलेले असतात.

यात आणखी तीन गुंते होते.

पहिला भूगोलाचा. मुंबईसमोरचा खंडीय मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. आपला बॉम्बे हायचा तेलपट्टा याच मंचावर. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे हा मंच बहुतांश कोरडा पडलेला आणि नर्मदा-तापीचा गाळ आजच्यापेक्षा कितीतरी पश्चिमेला, जवळजवळ उताराच्या कडेवर ओतला जात होता. नद्यांची पोषकद्रव्यं इतकी जवळ आल्यावर बुलॉइडिस वाढली तर तिचा मान्सूनशी संबंध असेलच असं नाही.

दुसरा त्याच मंचाचा, पण वेगळ्या अंगाने. बाह्य मंचावर जुन्या, उथळ पाण्यात तयार झालेल्या चुनखडीच्या गोल दाण्यांची वाळू पडून आहे. पातळी खाली असताना आणि नंतर वर चढताना हा माल उतारावरून घसरू शकतो. तसा तो घसरला असेल तर आपण ज्या थराला एका काळाचा मानतो त्यात भलत्याच काळाची कवचं मिसळलेली असणार.

तिसरा घड्याळाचा. कार्बन-१४ ने समुद्री कवचांचं वय काढताना समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन वजा करावा लागतो. उत्तर अरबी समुद्रात ही वजाबाकी जागतिक सरासरीपेक्षा मोठी आहे, कारण खालचं जुनं पाणी इथे वारंवार वर येतं. म्हणजे हिवाळी घुसळण जास्त झाली तर वजाबाकीही बदलायला हवी. जी गोष्ट मोजायची तीच घड्याळाला मागे-पुढे करणार.

समोरचे पर्याय

फेलोशिपचं शेवटचं वर्ष जवळ आलं होतं, आणि हे लिहिताना ते विसरून चालणार नाही. चार वाटा चर्चेत आल्या.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आलेख जसा आहे तसा छापायचा आणि पूर्व-पश्चिम फरकाला "प्रादेशिक वैशिष्ट्य" म्हणून मोकळं व्हायचं. गटातल्या एकाने हे गंभीरपणे सुचवलं. त्याचा मुद्दा अगदी टाकाऊ नव्हता. किनाऱ्या-किनाऱ्यात फरक असतात, आणि आकडे खोटे नव्हते. पण "प्रादेशिक" म्हटलं की कारण सांगायची जबाबदारी संपते, आणि पुढचा माणूस तोच आलेख उन्हाळी मान्सूनचा म्हणून उद्धृत करतो. असं झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी वाट ऋतूचं नावच न घेण्याची. बुलॉइडिसला "उत्पादकता" म्हणायचं आणि मान्सून शीर्षकातून काढायचा. प्रामाणिक, पण मग हिवाळी मान्सूनवर काहीच सांगण्यासारखं उरत नाही. तीन वर्षांच्या कामाचं असं पाणी करायला विद्यार्थिनी तयार नव्हती, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

तिसरी वाट हिवाळ्याकडे झुकणारे स्वतंत्र पुरावे गोळा करण्याची. ती लांबची, पण प्रयोगशाळेच्या आवाक्यातली होती. चौथी सगळ्यात नेमकी आणि सगळ्यात महाग: एकेका कवचातलं ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं, प्रमाण वेगळं मोजायचं; पाणी थंड असेल तर ते कवचात जास्त येतं. नेहमीच्या पद्धतीत अनेक कवचं एकत्र चुरून सरासरी काढतात आणि ऋतू त्यातच विरघळतात. एकेक मोजलं तर थंडीतलं कवच आणि उन्हाळ्यातलं कवच वेगळं दिसू शकतं. तापमानातल्या एका अंशाला साधारण ०.२२ प्रति हजार हा फरक धरला, तर हिवाळ्यातलं २४ अंशांचं आणि मे महिन्यातलं २९ अंशांचं पाणी यांत एक प्रति हजारापेक्षा जास्त अंतर पडतं. उपकरणाला ते सहज दिसतं. पण एका कवचाचं वजन दहा-बारा मायक्रोग्रॅम, इतक्या कमी मालावर चालणारं यंत्र गटाकडे नव्हतं, आणि प्रत्येक थराला पन्नासेक कवचं तरी लागतात.

तिसरी वाट घ्यायची आणि चौथी दोन-तीन थरांपुरती बाहेरच्या प्रयोगशाळेत करून बघायची, असं ठरलं.

काय केलं

पहिली गोष्ट केली ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बसण्याची. ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस नावाची एक जात बुलॉइडिससारखीच दिसते, आणि उत्तर अरबी समुद्रात ती हिवाळी घुसळणीबरोबर येते असं पाकिस्तानच्या किनाऱ्यापुढच्या कामांतून मांडलं गेलं आहे. म्हणून दोघींचं गुणोत्तर ऋतूचा इशारा ठरू शकतं. फरक बारीक आहे. फाल्कोनेन्सिसच्या तोंडाच्या कमानीला पातळ ओठासारखी कड असते आणि शेवटचा कप्पा आधीच्यापेक्षा आखूड असतो. बुलॉइडिसचं तोंड मोठं, उघडं, कड नसलेलं. काळ्या पार्श्वभूमीच्या चौकटींच्या ताटलीत बारीक रव्यासारखी पांढरी कवचं पसरायची, ओल्या तीन-शून्य ब्रशच्या टोकाने एकेक उलटवून तोंड वर आणायचं, दिवा तिरका करायचा, तेव्हा कुठे ती कड दिसते. कवच पालथं पडलं असेल किंवा तोंडात चिखल बसला असेल तर दोन्ही एकच वाटतात.

पहिल्या मोजणीत दोन्ही "बुलॉइडिस" या एकाच रकान्यात गेल्या होत्या. त्या वेळी उद्देश उन्हाळ्याचा होता, त्यामुळे वेगळं करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

इथे एक अडथळा आला असता. फाल्कोनेन्सिस लहान असते. समस्थानिकांसाठी कवचं निवडताना २५० ते ३५५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळी वापरतात, आणि तेवढ्यावर विसंबलं तर ही जात बरीचशी निसटते. पण प्रयोगशाळेतल्या काकांनी धुतल्यानंतरचा प्रत्येक थराचा बारीक भाग कुपीत भरून, खोलीचा आकडा लिहून ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. "काका, हा १२५ वरचा सगळा आहे का?" तिने विचारलं, तर म्हणाले, "टाकून काय करायचं? जागा लागते एवढीशी." नवा कोअर कापण्याचा खर्च त्या कुप्यांनी वाचवला.

पुनर्मोजणी १२५ मायक्रॉनवरच्या भागावर झाली, प्रत्येक थरात निदान ३०० कवचं. कुप्यांवरचे खोलीचे आकडे झाकून त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि दोघांनी स्वतंत्र मोजलं. माझा आग्रह होता तो इथेच. हिमयुगात काय वाढायला हवं हे माहीत असलेली व्यक्ती संशयास्पद कवच कुठल्या रकान्यात टाकेल, सांगता येत नाही. शिवाय ३०० मधून एखाद्या जातीचा वाटा १० टक्के आला, तर खरा वाटा साधारण ७ ते १४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. आलेखातले अर्धे चढउतार या पट्ट्यातच बसत होते. ते पुसून टाकले.

मग तापमान. इथे दोन मापं वापरली. एमिलियानिया हक्सलेई आणि तिच्या भावकीतली सूक्ष्म शैवालं अल्केनोन नावाचे मेणासारखे रेणू बनवतात, आणि त्यांच्या रचनेवरून पाण्याचं तापमान निघतं. या भागात शैवालांचा मोठा बहर हिवाळ्यात, म्हणून हा आकडा थंडीकडे झुकतो. दुसरं माप ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर या उथळ पाण्यातल्या फोरामच्या कवचातलं मॅग्नेशियम. तापमान एका अंशाने वाढलं की मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. रुबर वर्षभर असते, उबदार महिन्यांत जास्त. दोन्ही मापांतलं अंतर वाढलं तर हिवाळे उन्हाळ्यापेक्षा जास्त थंडावले, असा तर्क.

तर्क चांगला, पण दोन्ही मापांचे आपापले हट्ट आहेत. अल्केनोनचं गुणोत्तर २८-२९ अंशांजवळ टोकाला पोचतं आणि पुढची उष्णता त्याला कळत नाही. उबदार होलोसीनचा आलेख वरून दाबल्यासारखा येतो तो यामुळे. मॅग्नेशियमला मीठही लागू पडतं. क्षारता एका एककाने वाढली की गुणोत्तर ३-४ टक्क्यांनी चढतं. हिमयुगात समुद्राचं बरंच पाणी बर्फात अडकलेलं, त्यामुळे उरलेला समुद्र सुमारे एक एकक जास्त खारट. एवढ्यानेच रुबरचं तापमान सुमारे ०.४ अंश जास्त दिसतं. ही दुरुस्ती आधी केली. केल्यावर दोन मापांतलं हिमयुगातलं अंतर कमी झालं, पण बुजलं नाही.

मातीचा प्रश्न खास आपल्याकडचा. नर्मदा आणि तापी दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज वाहून आणतात, आणि त्यातली स्मेक्टाइट माती मॅग्नेशियम-लोहाने भरलेली असते. कवचाच्या छिद्रात तिचा कण अडकला तर कवच खोटं तापमान सांगतं. कवचं चिरडून पाण्याने, मग मेथनॉलने ध्वनिलहरींच्या टबात धुणं, सेंद्रिय मळ जाळण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवटी सौम्य आम्ल, हा क्रम पाळला. धुतल्यावरही ज्या नमुन्यांत मॅग्नेशियम लोहाबरोबर आणि ॲल्युमिनियमबरोबर चढत होतं ते वगळले. वगळलेले नमुने बहुतेक हिमयुगातलेच निघाले, जेव्हा नदीमुखं जवळ होती. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त आकड्यांची गरज तिथेच ते विरळ झाले. त्यावर इलाज नव्हता.

घसरलेल्या मालासाठी जाड भाग तपासला. तळाजवळच्या काही थरांत चुनखडीचे गोल दाणे आणि उथळ पाण्यातले तळवासी फोराम सापडले, आणि पातळी चढण्याच्या काळातला एक पट्टा तर त्यांनी गच्च भरलेला होता. त्या पट्ट्यातले सगळे आकडे आलेखातून काढून तिथे रिकामी जागा ठेवली. विद्यार्थिनीला हे जड गेलं, कारण हाच काळ, सुमारे १७,००० वर्षांपूर्वीचा, उत्तर अटलांटिकच्या थंडीशी जोडता आला असता.

वयाबद्दल गट दुभंगला होता. एका बाजूचं म्हणणं, वजाबाकी पूर्ण कोअरला एकच धरा, सगळे तसंच करतात. दुसऱ्या बाजूचं, हिमयुगासाठी ती मोठी धरा. शेवटी आजच्या वजाबाकीसाठी अणुचाचण्यांपूर्वी गोळा केलेल्या शिंपल्यांवरचे प्रसिद्ध आकडे घेतले, हिमयुगासाठी तीच किंमत ठेवली पण अनिश्चितता काही शतकांनी रुंदावली. कार्बन-१४ च्या वयांवरून खरी वर्षं काढायच्या, २०२० मध्ये आलेल्या नव्या समुद्री वक्रात जागतिक सरासरी वजाबाकीच वाढली आहे. स्थानिक दुरुस्तीचे जुने आकडे त्यात तसेच कोंबले तर वय चुकतं, म्हणून तेही नव्याने काढून घेतले. परिणाम असा की हजार वर्षांपेक्षा बारीक काहीही बोलायचं नाही, असं बंधन गटाने स्वतःवर घातलं.

निष्पत्ती

पुनर्मोजणीत हिमयुगातल्या "बुलॉइडिस" वाढीतला मोठा भाग फाल्कोनेन्सिसचा निघाला. खरी बुलॉइडिसही होलोसीनपेक्षा थोडी जास्त होती, पण तिची वाढ अनिश्चिततेच्या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर. अल्केनोन आणि मॅग्नेशियममधलं अंतर हिमयुगात रुंद. उथळ राहणारी रुबर आणि खोल राहणारी निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटर्ट्री यांच्या ऑक्सिजन समस्थानिकांतला फरक हिमयुगात आकुंचलेला, म्हणजे वरचं आणि खालचं पाणी जास्त मिसळलेलं. तीन पुरावे एका दिशेला बोट दाखवत होते, आणि तिन्हींच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होणाऱ्या होत्या. माझ्या लेखी या कामाचं बळ यातच आहे.

नदीच्या पोषकद्रव्यांचा पर्याय मात्र पूर्ण बाद झाला नाही. फाल्कोनेन्सिसची वाढ त्याने समजत नाही, बुलॉइडिसची थोडी समजू शकते. तसं लिहिलं.

एकेका कवचाच्या चाचणीत हिमयुगाच्या थरातला पसारा होलोसीनपेक्षा रुंद आला, थंडीच्या बाजूला लांब शेपूट असलेला. पण फक्त दोन थर. पूरक माहितीत टाकलं, मुख्य मजकुरात नाही.

निष्कर्षाचं वाक्य पाच वेळा बदललं. पहिल्या मसुद्यात होतं, "हिमयुगात हिवाळी मान्सून बळकट होता." छापून आलं ते असं की, हिमयुगात उत्तर-पूर्व अरबी समुद्राच्या वरच्या थराची हिवाळी घुसळण आजच्यापेक्षा जास्त होती, आणि जास्त जोराचे किंवा जास्त थंड, कोरडे ईशान्य वारे हे त्याचं संभाव्य कारण. वारा वेगाने वाहिला की नुसताच जास्त गार होता, हे गाळ सांगत नाही. दोन्ही मार्गांनी समुद्र तितकाच घुसळला जातो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने १९९० मध्ये ऑक्सिजन समस्थानिकांवरून हिमयुगात हिवाळी मान्सूनचा सागरी प्रवाह जोरदार असल्याचं मांडलं होतं. त्या निष्कर्षाशी हा जुळतो. पण तो बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या खुणेवर उभा आहे आणि हा घुसळणीवर, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पुरावा म्हणून वापरलं नाही.

समीक्षकाने विचारलं की यावरून सिंधू खोऱ्यातल्या हिवाळी पावसाबद्दल काय म्हणता येईल. मोह मोठा होता, कारण हडप्पा संस्कृतीचं नाव आलं की वाचक वाढतात. गटाने उत्तर दिलं की तो पाऊस पश्चिमी विक्षोभांचा, आणि या कोअरचा होलोसीनचा भाग त्यासाठी पुरेसा बारीक नाही. समीक्षकाने ते मान्य केलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट क्रमाची. मोजणी सुरू करण्याआधी आजचा गाळ बघायला हवा होता. १९८६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन संशोधकांनी अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत वर्षभर पाण्यात टांगलेल्या सापळ्यांतून कोणता माल कुठल्या महिन्यात खाली येतो ते टिपलं. ती माहिती प्रसिद्ध आहे. बुलॉइडिसचा अर्थ ओमानहून उसना घेण्याआधी पूर्वेकडच्या सापळ्याचे आकडे कोणी टेबलावर ठेवले असते, तर महिन्याचा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला असता.

दुसरं, कोअरचं वरचं टोक. जड नळी गाळात आपटते तेव्हा वरचा मऊ थर उडून जातो, आणि नेमकी गेली काही शतकं हरवतात. शेजारी एक बॉक्स कोअर, म्हणजे वरचा मऊ थर न हलवता पेटीने उचललेला गाळ, घेतला असता तर आजच्या मोजलेल्या तापमानाशी अल्केनोनचा आकडा ताडून पाहता आला असता. तो हिवाळ्याकडे झुकतो हे गटाने इतरांच्या कामावरून गृहीत धरलं, स्वतःच्या ठिकाणी तपासलं नाही. छापलेल्या लेखातली सगळ्यात कच्ची जागा हीच, आणि समीक्षकाच्या नजरेतून ती कशी सुटली याचं मला अजून नवल वाटतं.

जाती वेगळ्या न करण्याचा मूळ निर्णय मात्र मी चूक म्हणणार नाही. उद्देश बदलला की मोजणीही बदलावी लागते. बदलता आली ती कुप्या शिल्लक होत्या म्हणून. आता त्या प्रयोगशाळेत १२५ मायक्रॉनवरचा भाग राखणं हा लेखी नियम आहे.

एकेका कवचाची चाचणी पूर्ण कोअरभर करायची तर कामाच्या अर्ध्यातला माल पुरणार नाही. राखीव अर्ध्याला हात लावावा की नाही, यावर सर आणि विद्यार्थिनी यांचं जुळलेलं नाही. तिला वाटतं, घसरलेल्या पट्ट्याच्या वर-खालचे थर तरी घ्यावेत. सरांचं म्हणणं, आधी त्याच ठिकाणचा बॉक्स कोअर येऊ दे, अल्केनोनचा ऋतू पक्का होऊ दे, मग बघू. तूर्त जहाजाच्या पुढच्या फेरीसाठी बॉक्स कोअरची मागणी गेली आहे आणि राखीव अर्धा शीतगृहात बंद आहे.